फॉर्मायका: मूळची विजेच्या सामानाची कंपनी

फर्निचरची कामे घेणाऱ्या एका वाचकाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. स्वयंपाकघराच्या शटरवर चिकटवला जाणारा सनमायका आणि मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात दिसणारी तपकिरी हायलम शीट (विजेच्या कामाची कडक वीजरोधक शीट) या एकाच जातीच्या वस्तू आहेत का? फॉर्मायका ही जगप्रसिद्ध कंपनी मुळात विजेच्या इन्सुलेशनसाठी निघाली आणि युद्धकाळात तिने लाकडी विमानपंख्यांचे, म्हणजे प्रोपेलरांचे, साहित्य केले, हे खरे का? आणि घरातल्या जुन्या स्विचबोर्डाची तडकलेली पाटी काढून तिथे सनमायका लावलेले प्लायवुड बसवले तर चालेल का?

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर होय असे आहे आणि तिसऱ्याचे नाही असे आहे. तिसऱ्याची कारणे पहिल्या दोहोंच्या इतिहासातच असल्यामुळे तो आधी सांगतो. फॉर्मायकाचा इतिहास बहुधा अमेरिकन स्वयंपाकघरांच्या रंगीबेरंगी ओट्यांपासून सुरू केला जातो. इन्सुलेशनच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तो तसा दिसत नाही. त्याच्या दृष्टीने हा एका रेझिनचा (तापवल्यावर पक्के होणाऱ्या राळेसारख्या पदार्थाचा), एका प्रेसचा आणि ते रेझिन कोणाला विकत मिळणार होते या भांडणाचा इतिहास आहे. कंपनीचे गिऱ्हाईक दर दहा-पंधरा वर्षांनी बदलले, तयार होणारी वस्तूही बदलली. थर रचून गरम प्रेसमध्ये दाबण्याची क्रिया मात्र तीच राहिली.

विसाव्या शतकाच्या आरंभी विजेच्या यंत्रांत उष्णतेला टिकणारे इन्सुलेशन म्हणजे अभ्रक, हे समीकरण पक्के होते. अभ्रकाचे मोठे तुकडे दुर्मीळ आणि महाग, म्हणून त्याचे पातळ पापुद्रे लाखेने एकमेकांना चिकटवून त्याचे तक्ते करीत आणि त्याला मायकानाइट म्हणत. यातल्या दोन्ही मालांचा आपल्याशी थेट संबंध आहे, कारण जगाच्या बाजारातील पापुद्र्याच्या अभ्रकाचा आणि लाखेचा फार मोठा भाग तेव्हा आजच्या झारखंडातील छोटा नागपूरच्या पट्ट्यातून, विशेषतः अभ्रक कोडर्म्याच्या परिसरातून, जात असे. अभ्रक स्वतः कितीही तापले तरी डगमगत नाही. पण लाख शंभर अंशांच्या आतच मऊ पडते आणि तक्ता सैल होतो. शिवाय मायकानाइटला आकार देणे हे हाताचे, वेळखाऊ काम. म्हणजे उणीव अभ्रकात नव्हती, त्याला धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थात होती.

ही उणीव भरून काढणारा पदार्थ लिओ बेकलंड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनतज्ज्ञाने अमेरिकेत तयार केला. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून होणारे रेझिन, म्हणजे फिनॉलिक रेझिन, त्याच्या आधीही प्रयोगशाळांत दिसले होते, पण ते फेसाळून भोकेभोके असलेल्या दगडासारखे होई. या रासायनिक क्रियेत पाणी सुटते आणि त्या तापमानाला त्याची वाफ होते. बेकलंडने १९०७ साली अर्ज केलेल्या आणि १९०९ साली मंजूर झालेल्या पेटंटाचे मर्म एवढेच की ही क्रिया उष्णतेबरोबर दाबाखाली घडवावी, म्हणजे वाफेला फुगायला जागा उरत नाही. आजही लॅमिनेटच्या, म्हणजे रेझिन लावलेले थर दाबून केलेल्या शीटच्या, कारखान्यात प्रेस थंड होण्याआधी दाब सोडला तर शीटच्या पोटात फोड येतात, त्याचे कारण हेच. एकदा पक्के झालेले हे रेझिन पुन्हा कितीही तापवले तरी वितळत नाही, आणि लाखेवर त्याने मात केली ती इथेच.

पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउस कंपनीत या रेझिनवर काम करणाऱ्यांत डॅनियल ओ'कॉनर हा तरुण इंजिनिअर होता. त्याने रेझिन लावलेला कागद लोखंडी दांड्यावर गुंडाळला, दांडा काढून घेतला, तयार झालेली नळी उभी चिरली आणि ती उलगडून प्रेसमध्ये सपाट दाबली. निघाला तो एकसंध, कडक, करवतीने कापता येईल आणि गिरमिटाने भोक पाडता येईल असा तक्ता. १ फेब्रुवारी १९१३ रोजी या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज झाला आणि नोकरीच्या रिवाजाप्रमाणे ओ'कॉनरने हक्क कंपनीच्या नावे केले. त्याचा सहकारी हर्बर्ट फेबर हा इन्सुलेशन साहित्याचे काम पाहत असे. या मालाला बाहेर मोठे गिऱ्हाईक असताना कंपनी तो पुरेसा विकत नाही, अशी त्याची तक्रार होती. त्याच वर्षी दोघांनी नोकरी सोडली आणि सिनसिनाटीत भाड्याच्या जागेत स्वतःचा उद्योग मांडला. केंटकीतील वकील व बँकर जॉन टॉमलिन याने ७,५०० डॉलर घालून एकतृतीयांश भागीदारी घेतली. १५ ऑक्टोबर १९१३ रोजी फॉर्मायका इन्सुलेशन कंपनी रीतसर नोंदली गेली. अभ्रकाऐवजी, म्हणजे इंग्रजीत 'फॉर मायका', वापरायचे साहित्य म्हणून ते नाव.

त्यांची पहिली मागणी चाल्मर्स मोटर कंपनीची होती आणि ती व्ही-रिंगांची होती. रिवाइंडिंग करणाऱ्यांना हा भाग सांगावा लागत नाही; इतरांसाठी थोडक्यात सांगतो. डीसी मोटरच्या कम्युटेटरवर, म्हणजे कार्बन ब्रशकडून वीज घेणाऱ्या फिरत्या भागावर, तांब्याच्या पट्ट्या गोलाकार बसवलेल्या असतात. मोटर फिरताना त्या बाहेर फेकल्या जाऊ नयेत म्हणून दोन्ही टोकांना लोखंडी कड्यांनी आवळतात. तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे वीजरोधक कडे असते, त्याला व्ही-रिंग म्हणतात. हे कडे अभ्रकाचे करायचे म्हणजे डोकेदुखी, कारण वाकवताना पापुद्रे सुटतात. रेझिन लावलेला कागद मात्र साच्यात घालून दाबला की कडे तयार. इथे एक गोष्ट नमूद करायला हवी, कारण प्रचलित इतिहासात ती निसटते. कम्युटेटरच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीतून अभ्रकाला फॉर्मायका कधीच हटवू शकला नाही. तिथे कार्बन ब्रशच्या ठिणग्या उडतात, आणि फिनॉलिक शीटवर ठिणगी पडली की पृष्ठभाग जळून कोळशाची रेघ उमटते. कोळसा वीज वाहून नेतो, त्यामुळे रेघ वाढत जाऊन शेवटी शॉर्ट होतो. आमच्या भाषेत याला ट्रॅकिंग म्हणतात. म्हणून कंपनीचे नाव अभ्रकाच्या जागी असे असले तरी कम्युटेटरमध्ये आजही अभ्रकच आहे.

सुरुवातीची खरी अडचण रेझिनचीच होती. बेकलंडच्या जनरल बेकलाइट कंपनीने सपाट शीट करण्यासाठीचे रेझिन वेस्टिंगहाउस आणि आणखी मोजक्या बड्या उत्पादकांसाठी राखून ठेवले. सिनसिनाटीच्या या छोट्या कारखान्याला कडी आणि नळ्या करण्यापुरते ते मिळणार होते. शीट करता येत नसेल तर लॅमिनेटच्या धंद्यात उरते काय? फेबर आणि ओ'कॉनर शिकागोला वळले. तिथे लॉरेन्स रेडमन या रसायनतज्ज्ञाने वेगळ्या मार्गाने केलेले रेडमॅनॉल नावाचे फिनॉलिक रेझिन मिळत होते. १९१४ साली हाती आलेल्या पहिल्या खऱ्या प्रेसवर त्यांनी सपाट शीट काढायला सुरुवात केली. पुढे १९२२ साली बेकलाइट, रेडमॅनॉल आणि कॉन्डेन्साइट या तिन्ही प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र होऊन बेकलाइट कॉर्पोरेशन झाले, तोवर फॉर्मायका पायावर उभी राहिलेली होती. माझ्या मते कंपनीचे भवितव्य त्या रेडमॅनॉलच्या सौद्यात ठरले. नंतरची सगळी कल्पकता त्या रेझिनच्या आधाराने चालली.

वेस्टिंगहाउसने हे निमूटपणे पाहिले नाही. ओ'कॉनरचे पेटंट १९१८ साली मंजूर झाले. अर्ज प्रलंबित असताना त्यातील दाव्यांची व्याप्ती वाढवण्यात आली होती, आणि पेटंट हातात येताच वेस्टिंगहाउसने फॉर्मायकावर दावा लावला. प्रसंग विलक्षण होता: शोध लावणाऱ्यावरच त्याच्या शोधाची चोरी केल्याचा आरोप. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर १९२४ मध्ये मुख्य न्यायाधीश विल्यम टाफ्ट यांनी निकाल दिला. ते माजी राष्ट्राध्यक्ष होते आणि योगायोगाने सिनसिनाटीतच जन्मलेले होते. न्यायालयाने म्हटले की ज्याने पेटंटाचे हक्क दुसऱ्याला दिले त्याला पुढे 'ते पेटंटच खोटे आहे' असे म्हणता येणार नाही. मात्र आधीपासून ज्ञात असलेल्या गोष्टी दाखवून त्या पेटंटाची व्याप्ती किती अरुंद आहे, हे त्याला सिद्ध करता येईल. या कसोटीवर फॉर्मायकाची पद्धत पेटंटाच्या कक्षेबाहेर ठरली आणि कंपनी जिंकली. या निकालाचे वजन एवढे की २०२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पेटंटाचे हक्क दुसऱ्याला दिलेल्या संशोधकांचा प्रश्न पुन्हा हाताळला, तेव्हा याच खटल्याची तपशिलात उजळणी करावी लागली.

दरम्यान गिऱ्हाईक बदलत होते. पहिल्या महायुद्धानंतर रेडिओ आला आणि रेडिओच्या पुढच्या पाटीसाठी काळी-तपकिरी फिनॉलिक शीट मोठ्या प्रमाणावर खपू लागली. त्याच काळात कागदाऐवजी कापड वापरून केलेल्या जाड लॅमिनेटपासून मोटारींचे टायमिंग गिअर (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारे गिअर) होऊ लागले. लोखंडी गिअरवर लोखंडी गिअर फिरला की खडखडाट होतो. एक गिअर कापडी लॅमिनेटचा केला की आवाज दबतो आणि दातांची झीजही आटोक्यात राहते. १९३२ च्या सुमारास कंपनी शेव्हरले आणि इतर मोटार कारखान्यांसाठी गिअर कापण्यासाठीच्या सुमारे ६,००० कोऱ्या चकत्या दिवसाला काढत होती. आपल्याकडे जुन्या मिस्त्रींच्या तोंडी असणारा 'फायबर गिअर' तो हाच.

शोभेच्या लॅमिनेटकडे कंपनी वळली ती रेडिओच्या कॅबिनेटमुळे. रेडिओ बैठकीच्या खोलीत आला तेव्हा गिऱ्हाइकाला काळी पाटी नको, लाकडाचे रेषे हवे होते. पण फिनॉलिक रेझिन मुळातच तपकिरी आणि उजेडात आणखी काळवंडणारे, त्यामुळे वर छापील कागद लावला तरी खालचा काळेपणा डोकावे. १९२७ साली कंपनीने मध्ये एक अपारदर्शक थर घालण्याचे पेटंट मिळवले आणि लाकडाची किंवा संगमरवराची छपाई शीटवर स्वच्छ दिसू लागली. १९३० च्या दशकात पेटत्या सिगारेटचा डाग पडू नये म्हणून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आत घालण्याची युक्ती आली. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन सायनामिड कंपनीचे मेलामाइन रेझिन मिळू लागले आणि रंगाचा प्रश्न मुळातूनच सुटला, कारण ते पाण्यासारखे पारदर्शक, कडक आणि उजेडाला टिकणारे होते. तेव्हापासून रचना ठरून गेली: वर मेलामाइनमधला छापील कागद, खाली फिनॉलिकमधले क्राफ्ट कागदाचे (जाड तपकिरी कागदाचे) थर. विचारणाऱ्याने सनमायकाची शीट कटरने कापून तिची कड उन्हात धरून पाहावी. वर केसाएवढी पांढरी किंवा रंगीत रेघ दिसेल आणि खालचा सगळा भाग गडद तपकिरी असेल. तो तपकिरी भाग म्हणजे १९१३ सालचे फॉर्मायका, म्हणजेच हायलम शीटचा जवळचा नातेवाईक.

आता लाकडाकडे वळतो. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियमची चणचण होती आणि विमानांचे पंखे लाकडाचे करण्याचा पर्याय पुन्हा समोर आला. साधे लाकूड इथे दोन कारणांनी अपुरे पडते. पंख्याच्या मुळाशी, जिथे पाते धातूच्या हबमध्ये आवळलेले असते, तिथे येणारा ताण ते सोसत नाही. आणि हवेतील ओलाव्याबरोबर ते फुगते-आकसते, त्यामुळे आवळलेली पकड सैल होते. यावरचा उपाय अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथील वन-उत्पादन प्रयोगशाळेत आल्फ्रेड स्टॅम आणि त्यांचे सहकारी सीबोर्ग यांनी विकसित केला होता. लाकडाचे पातळ पापुद्रे, म्हणजे व्हिनियर, पाण्यात विरघळणाऱ्या फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवायचे, रेझिन पक्के होणार नाही इतक्या मंद उष्णतेवर वाळवायचे आणि मग थर रचून गरम प्रेसमध्ये चौरस सेंटिमीटरला सत्तर किलोच्या आसपास दाब द्यायचा. न दाबता केलेल्या प्रकाराला इम्प्रेग आणि दाबलेल्याला कॉम्प्रेग ही नावे पडली.

यात कळीचा मुद्दा रेझिन कुठे जाते हा आहे. प्लायवुडमध्ये ते दोन पापुद्र्यांच्या मध्ये चिकट म्हणून राहते. कॉम्प्रेगमध्ये रेझिनचे रेणू मुद्दाम इतके लहान ठेवतात की ते लाकडाच्या पेशींच्या भिंतीत शिरतात आणि एरवी जिथे ओलावा बसला असता ती जागा अडवून तिथेच पक्के होतात. नुसतेच दाबून घट्ट केलेले लाकूड पाण्यात टाकले की हळूहळू मूळ जाडीकडे परत फुगते. रेझिन पाजलेल्या लाकडाचे फुगण्याचे प्रमाण फार कमी होते. घनतेचा हिशेबही बोलका आहे. पाण्याची घनता १ धरली तर साध्या लाकडाची ०.६ च्या आसपास, कॉम्प्रेगची १.३ ते १.३५, आणि पोकळी अजिबात नसलेल्या निव्वळ काष्ठद्रव्याची सुमारे १.५. म्हणजे प्रेसमधून निघालेल्या ठोकळ्यात हवा जवळपास उरलेलीच नसते आणि तो पाण्यात टाकला तर बुडतो. पंख्यासाठी आणखी एक सोय होती: मुळाशी जास्त पापुद्रे रचून तेवढाच भाग जास्त दाबता येई आणि टोकाकडे लाकूड हलके ठेवता येई.

फॉर्मायकाने या जातीचे रेझिन पाजलेले लाकूड 'प्रेगवुड' या नावाने काढले आणि ते विमानांच्या पंख्यांसाठी दिले. कागद आणि कापड दाबणाऱ्या कारखान्याला व्हिनियर दाबणे परके नव्हते. भिजवणे, वाळवणे, रचणे आणि दाबणे हा क्रम तोच होता. अमेरिकेपेक्षा ब्रिटनमध्ये या तंत्राचा बोलबाला अधिक झाला, कारण स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांना बसवलेल्या रोटोल पंख्यांची पाती बऱ्याच वेळा जाब्लो नावाच्या घट्ट केलेल्या लाकडाची असत. पाते जमिनीला लागले तर लाकूड तुटून उडते आणि इंजिनाला बसणारा हादरा धातूच्या पात्यापेक्षा कमी राहतो, हा फायदा तिथे लक्षात घेतला गेला.

युद्ध संपल्यावर पंखे पुन्हा धातूचे झाले, पण हे लाकूड नाहीसे झाले नाही. वीज उद्योगाने ते उचलले. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शॉर्ट सर्किटच्या क्षणी कॉइल वरखाली झेप घेऊ पाहते आणि तिला दाबून धरणारे जाड कडे लागते. हे कडे लोखंडी असेल तर ते स्वतःच एक बंद फेरा होऊन त्यातून प्रवाह वाहण्याचा धोका, म्हणून त्याला काप द्यावा लागतो. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या पापुद्र्यांपासून दाबून केलेले कडे ताकदीला पुरते, वीज वाहू देत नाही आणि गरम तेलात वर्षानुवर्षे राहते. आपल्याकडच्या ट्रान्सफॉर्मर कारखान्यांत त्याला सर्रास परमावुड म्हणतात. हे लाकूड हाताळणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये: थरांच्या आडव्या दिशेने ते विजेला जितके अडवते तितके थरांच्या लांबीने अडवत नाही, कारण चिकटरेषेच्या कडेने वीज सरकायला वाट असते. म्हणून लीड-सपोर्ट, म्हणजे कॉइलच्या तारा धरून ठेवणारे आधार, कापताना थर कोणत्या दिशेला आहेत हे आधी पाहायचे. कापलेली टोके ओलावा ओढतात, तेव्हा वाळवल्याशिवाय तुकडा ट्रान्सफॉर्मरच्या तेलाच्या टाकीत जाऊ द्यायचा नाही. ओला तुकडा गरम तेलात सोडला की टोकांतून बारीक बुडबुड्यांची माळ निघते, ती पाहिल्यावर वेगळ्या पुराव्याची गरज पडत नाही. यंत्रमागाचे धोटे याच जातीच्या लाकडाचे होत, तेव्हा कापड गिरण्यांत काम केलेल्यांच्या हातांनाही ते परिचित आहे.

युद्धानंतर फॉर्मायकाचे लक्ष मात्र घरांकडे गेले. १९४८ साली नावातला 'इन्सुलेशन' हा शब्द गळाला, ब्रिटनमध्ये डी ला रू कंपनीला परवाना दिला गेला, सिनसिनाटीजवळ इव्हनडेल येथे १९५१ साली प्रचंड कारखाना झाला आणि १९५६ साली मेलामाइन पुरवणाऱ्या अमेरिकन सायनामिडनेच कंपनी विकत घेतली. १९७८ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 'फॉर्मायका' हे नाव सर्वसामान्य झाले असल्याने त्यावरचा मालकी हक्क रद्द करावा अशी मागणी केली; ती तडीस गेली नाही. पुढे मालकी अनेकदा बदलली: २००२ साली दिवाळखोरीचा अर्ज, २००७ साली न्यूझीलंडची फ्लेचर बिल्डिंग, २०१९ साली नेदरलँड्सची ब्रॉडव्ह्यू. या टप्प्यात तंत्रज्ञानाच्या दृष्टीने सांगण्यासारखे फारसे नाही. ताळेबंद वाचणाऱ्यांना त्यात रस वाटेल.

तिसरा प्रश्न उरला. सनमायका आणि हायलम शीट एका कुळातले असले तरी त्यांची परीक्षा वेगवेगळी होते. शोभेच्या लॅमिनेटचे भारतीय मानक आयएस २०४६ हे ओरखडा, डाग, उकळते पाणी, उष्णता अशा गोष्टी तपासते. विजेसाठीच्या फिनॉलिक शीटचे मानक आयएस २०३६ हे ती किती व्होल्टेजला फुटते आणि किती पाणी शोषते ते तपासते. सनमायकाचा जेमतेम एक मिलिमीटरचा पत्रा प्लायवुडवर चिकटवला तर टर्मिनलचे स्क्रू प्रत्यक्षात प्लायवुडात बसतात, आणि पावसाळ्यात प्लायवुड ओलावा धरते. म्हणून विजेचे भाग थेट ज्यावर बसणार आहेत अशी पाटी सनमायकाच्या प्लायवुडची करू नये. पाटीच बदलायची असेल तर विजेच्या ग्रेडची फिनॉलिक शीट घ्यावी, आणि जिथे ठिणगी पडण्याचा संभव आहे तिथे तीही न घेता काच-इपॉक्सीची (काचेचे कापड इपॉक्सी रेझिनमध्ये दाबून केलेली) शीट घ्यावी. जुन्या पाटीवर टर्मिनलच्या मध्ये काळी रेघ उमटलेली दिसली तर ती खरवडून पाटी पुन्हा वापरू नये, कारण कोळसा खोलवर गेलेला असतो. पाटी तपकिरी नसून जड, राखाडी आणि कडेला भुसभुशीत असेल तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. तिला करवत किंवा ड्रिल लावू नये, अखंड उतरवून घ्यावी. हे सगळे काम मुख्य स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, आणि नव्या शीटच्या कापलेल्या कडांना व भोकांच्या आतून इन्सुलेटिंग वॉर्निशचा हात मारायला त्याला सांगावे.